अल्पदोषांचें परिमार्जन

नारायणराव पेशव्यांच्या वधाची कथा महाराष्ट्रांतील घरोघर ठाऊक आहे. १७७३ सालच्या त्या प्रसंगीं मूळ हुकुमांत ‘धरावें’ असा शब्द होता आणि कोणीतरी ‘ध’ खोडून त्याच्या जागीं ‘मा’ केला, ही आख्यायिका इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते याविषयीं मतभेद आहेत. परंतु तिनें आपल्या भाषेला ‘ध चा मा करणें’ हा वाक्प्रचार कायमचा दिला, एवढें मात्र खरें. याहून कितीतरी जुनी अशी दुसरी एक कथा वैयाकरणांच्या परंपरेंत सांगतात. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्यानें यज्ञ आरंभिला. पण मंत्रांतील एका शब्दाचा स्वर चुकला, ‘इंद्राला मारणारा’ याऐवजीं ‘इंद्र ज्याला मारील तो’ असा अर्थ झाला, आणि वृत्र जन्मास येऊन इंद्राच्याच हातून मेला. पहिल्या कथेंत अक्षर बुद्धिपुरस्सर बदललें, दुसरींत स्वर नकळत चुकला. हेतु अगदीं भिन्न. परिणाम मात्र दोहोंकडे एकच, म्हणजे मृत्यु.

अशा कथा पिढ्यानुपिढ्या सांगणाऱ्या समाजांत अक्षराच्या शुद्धतेविषयीं मोठी जागरूकता असेल, असें कोणासहि वाटेल. व्यवहारांत अनुभव निराळा येतो. ग्रंथांतील चूक दाखविणाऱ्यास आपण छिद्रान्वेषी म्हणतों. लग्नपत्रिकेंतील ऱ्हस्वदीर्घ सुधारा असें कोणी सुचविलें, तर ‘अर्थ समजला म्हणजे झालें’ असें म्हणून त्याला गप्प बसवितों. दुसऱ्याच्या लिखाणांतील कानामात्रा पाहत बसणें ही रिकामटेकड्याची उठाठेव होय, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे, आणि तींत थोडें तथ्य नाहीं असेंहि नाहीं. म्हणूनच या प्रश्नाचा नीट विचार व्हावा असें आम्हांस वाटतें. जो ग्रंथ आपण लिहिलेला नाहीं, ज्याचा कर्ता कोणी एक नाहीं, आणि ज्यांतील चुकीमुळें आपलें स्वतःचें कांहींच अडत नाहीं, अशा ग्रंथांतील लहानशी चूक दुरुस्त करणें हें आपलें कर्तव्य आहे, कीं तो परोपकार आहे, कीं निव्वळ हौस आहे?

प्रश्न अधांतरीं राहूं नये म्हणून आम्ही एक उदाहरण घेतों, आणि तें मुद्दाम अर्वाचीन शास्त्रांतून घेतों. संगणकाचा वेग वर्षानुवर्षें वाढत होता. परंतु अतिवेगानें उत्पन्न होणारी उष्णता आवरेना, तेव्हां २००५ च्या सुमारास कारखानदारांनीं एकाच प्रोसेसरास अधिक जोरानें पळविण्याचा नाद सोडून एका संगणकांत दोन, चार, आठ असे अनेक गणक बसविण्यास आरंभ केला. आज आपल्या खिशांतील फोनमध्येंहि असे अनेक गणक एकाच वेळीं राबत असतात. एक काम अनेकांस वांटून देऊन तें एकाच वेळीं करून घेण्यासाठीं ज्या सूचना लिहाव्या लागतात, त्या लिहिण्याच्या विद्येस समांतर आज्ञालेखन म्हणतात. ही विद्या ऐकावयास सोपी आणि आचरावयास फार अवघड आहे. तिची अडचण एका साध्या दृष्टांतानें स्पष्ट होईल. एका पेढींत एकाच खातेवहीवर दोन कारकून बसविले आहेत. खात्यावर शंभर रुपये जमा आहेत. दोघेहि एकाच क्षणीं ‘१००’ हा आंकडा वाचतात. पहिला त्यांत दहा मिळवून ‘११०’ लिहितो. दुसरा वीस मिळवून पहिल्याच्या आंकड्यावरच ‘१२०’ लिहितो. वस्तुतः वहींत १३० पाहिजेत. येथें दोघांपैकीं कोणीहि बेरीज चुकलेला नाहीं. दोष कोणा एकाच्या कामांत नाहीं, दोघांच्या कामाच्या क्रमांत आहे. आणि तो क्रम रोज सारखा नसल्यामुळें नव्याण्णव दिवस हिशेब बरोबर येऊन शंभराव्या दिवशीं पेढी बुडते.

अशा विद्येंत चूक प्रयोगानें सांपडत नाहीं; म्हणून अभ्यासकाची सारी भिस्त लिखित नियमांवर असते. हे नियम एका माणसानें लिहिलेले नसतात. अनेक संगणकांनीं परस्परांस निरोप कसे धाडावे याचें ‘एम-पी-आय’ नांवाचें प्रमाण १९९४ सालीं, आणि एकाच स्मृतीवर अनेक गणकांनीं कसें वागावें याचें ‘ओपन-एम-पी’ हें प्रमाण १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. दोन्ही अनेक संस्थांतील जाणत्यांनीं एकत्र बसून तयार केलीं. लिनक्स या प्रणालीची माहितीपुस्तिका तर जगभरच्या लेखकांनीं थोडथोडी लिहिलेली आहे. पॉल मॅककेनी यांचा ‘समांतर आज्ञालेखन कठीण आहे काय, आणि असल्यास त्यावर उपाय काय’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक मोठा ग्रंथ आहे; तो कोणासहि विनामूल्य मिळतो, आणि त्याचें मूळ लिखाण उघडें असल्यामुळें वाचक त्यांत दुरुस्त्या सुचवीत असतात. या सर्व लिखाणांत दुरुस्ती सुचविण्यास पदवी लागत नाहीं, ओळख लागत नाहीं. पुणें येथील विद्यार्थ्यानें एक अक्षर बदलून पाठवावें, आणि पोर्टलंडच्या शास्त्रज्ञानें तें पाहून ग्रंथांत घालावें, इतकी ही व्यवस्था मोकळी आहे.

आतां चुकांचे प्रकार पाहूं. कांहीं चुका स्वतःच आपलें चुकलेपण ओरडून सांगतात. ‘संगणक’ याऐवजीं ‘संगकण’ छापलें गेलें तर वाचक क्षणभर अडखळतो, हंसतो व पुढें जातो. अशी चूक कुरूप असते, पण सहसा घातक नसते. दुसरा प्रकार वगळलेल्या शब्दाचा. १६३१ सालीं लंडनमध्यें छापलेल्या बायबलाच्या एका आवृत्तींत व्यभिचार करूं नये या आज्ञेंतील नकार गळाला, आणि छापणाऱ्यांना तीनशें पौंड दंड झाला. पण तेथेंहि वाचकाचें धर्मज्ञान त्याच्या मदतीस होतें. ती आज्ञा वाचून कोणी बिघडला असेल असें संभवत नाहीं. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. त्यांत चुकलेला शब्द हाहि एक खरा, शुद्ध, अर्थपूर्ण शब्दच असतो. इंग्रजींत ‘नॉट’ आणि ‘नाऊ’ यांत एकाच अक्षराचा भेद आहे. ‘हें आतां सुरक्षित आहे’ आणि ‘हें सुरक्षित नाहीं’ या दोन विधानांत मात्र जमीनअस्मानाचें अंतर आहे. ओपन-एम-पीमध्यें आपापल्या वांट्याचें काम संपल्यावर सर्व गड्यांनीं एकमेकांसाठीं थांबावें असा सामान्य नियम आहे, आणि ‘नोवेट’ हा एक शब्द लिहिला कीं तें थांबणें रद्द होतें. उदाहरण म्हणून दिलेल्या चार ओळींत हा शब्द चुकून राहिला किंवा गळाला, तर वाक्यरचनेंत कोठेंहि खटकत नाहीं. ‘अमुक गोष्टीच्या आधीं’ याऐवजीं ‘नंतर’ पडलें, ‘सामाईक’ याऐवजीं ‘खासगी’ पडलें, तरी वाक्य गुळगुळीतच राहतें. इतर शास्त्रांत वाचकाला अनुभव सांवरतो. येथें अनुभवानेंहि नव्याण्णव वेळां चुकीलाच दुजोरा मिळतो.

येथें आम्ही ज्या मुद्द्याला सर्वांत अधिक महत्त्व देतों त्याकडे वळतों. अशी चूक कोणास दिसते आणि कोणास बाधते? ज्याला विषय येतो त्याला ती दिसते. तो मनांतल्या मनांत शब्द बदलून घेतो आणि पुढें जातो. त्याचें क्षणाचेंहि नुकसान होत नाहीं. ज्याला विषय येत नाहीं, जो शिकावयास आला आहे, त्याला ती दिसत नाहीं. त्यालाच ती बाधते. तो चुकीचें वाक्य खरें मानतो, त्याप्रमाणें वागतो, आणि जेव्हां काम बिघडतें तेव्हां ग्रंथास दोष न देतां आपल्या बुद्धीस दोष देतो. आम्ही अनेक वर्षें अध्यापनाचा व्यवसाय करीत आलों आहों; मंदबुद्धि म्हणून हिणविलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं केवळ पुस्तकावर पूर्ण विश्वास ठेवल्यामुळें अडलेले असतात, हें आमच्या पाहण्यांत आहे. म्हणजे ज्याला दिसतें त्याला दुखत नाहीं, आणि ज्याला दुखतें त्याला दिसत नाहीं, अशी ही विपरीत स्थिति आहे. सामान्यतः माणूस आपल्याला टोंचणारा कांटा काढतो. येथें कांटा दुसऱ्याच्या पायांत आहे आणि चिमटा आपल्या हातांत. अशा ठिकाणीं स्वार्थावर भिस्त ठेवून चालणार नाहीं. कर्तव्यबुद्धीखेरीज दुसरें कोणतेंहि बळ ती चूक काढूं शकणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, एवढें वाचक आहेत, कोणीतरी दुरुस्त करीलच. हौदांत दुधाऐवजीं पाणी ओतणाऱ्या नगरजनांची बिरबलाची गोष्ट ज्यांनीं ऐकली आहे त्यांस याचें उत्तर सांगावयास नको. प्रत्येकानें दुसऱ्यावर विसंबावें आणि सकाळीं हौदांत केवळ पाणी निघावें, हाच अनुभव सामाईक ग्रंथांतहि येतो. हजार जाणत्यांनीं पाहिलेली चूक वर्षानुवर्षें तशीच राहते, आणि तिचें कारण अज्ञान नसून प्रत्येकाची अशी समजूत असते कीं, इतकी उघड गोष्ट आतांपर्यंत कोणी कळविली नसेल हें शक्यच नाहीं.

आतां विरुद्ध बाजूकडील आक्षेप ऐकले पाहिजेत, कारण ते दुबळे नाहींत. पहिला आक्षेप असा कीं, क्षुल्लक दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ थोडा जातो, पण ती तपासून घेणाऱ्याचा अधिक जातो. आणि पुष्कळदां दुरुस्तीच्या मागें ग्रंथाचें प्रेम नसून नांवाची हांव असते. हें खरें आहे. २०२० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत याचें मासलेवाईक उदाहरण घडलें. ‘हॅक्टोबरफेस्ट’ नांवाच्या वार्षिक उपक्रमांत सामाईक आज्ञावलींस चार दुरुस्त्या सुचविणाऱ्यास एक टी-शर्ट बक्षीस मिळे. त्या वर्षीं सदऱ्याच्या आशेनें असंख्य लोकांनीं कोठें एक विशेषण घाल, कोठें एक रिकामी जागा वाढव, असा सपाटा लाविला. ग्रंथ सांभाळणारे इतके त्रासले कीं महिन्याच्या तिसऱ्याच दिवशीं, जे प्रकल्प आपण होऊन संमति देतील तेच या उपक्रमांत धरावे, असा नियम आयोजकांस करावा लागला. बाहेरून पाहतां कृति तीच: एका ओळींत एका शब्दाचा फरक. मग एकीस आम्ही कर्तव्य कां म्हणावें आणि दुसरीस उपद्रव कां म्हणावें?

याचें उत्तर श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणींत आहे असें आम्हांस वाटतें. राजाच्या धाकानें साऱ्या गांवानें घरांतील दूध आणून महादेवाच्या गाभाऱ्यांत ओतलें, तरी गाभारा भरला नाहीं. म्हातारीनें मुलांना, वासरांना आधीं तृप्त केलें आणि मग उरलेलें खुलभर दूध वाहिलें, तों गाभारा भरून गेला. कहाणी रचणाऱ्यास परिमाणाचें गणित शिकवावयाचें नव्हतें. ज्यांची भूक आधीं भागली पाहिजे त्यांना डावलून वाहिलेलें दूध देवास पोंचत नाहीं, हें त्यास सांगावयाचें होतें. येथें भुकेला तो शिकणारा वाचक. त्याच्याकडे पाहून केलेली दुरुस्ती एका अक्षराची असली तरी पूर्ण आहे. सदऱ्याकडे पाहून केलेल्या शंभर दुरुस्त्या गाभाऱ्यांत जिरून जातात. दुरुस्तीचें मोल तिच्या आकारावर नाहीं, आणि केवळ करणाऱ्याच्या मनांतील भावावरहि नाहीं. ती कोणाचें अडलेलें पाऊल मोकळें करते, यावर आहे. एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, पुष्कळदां क्षुल्लक वाटणारी चूकहि कोणाचें तरी पाऊल अडवीत असते. लिनक्सच्या नियमांत एके काळीं क्षुल्लक दुरुस्त्यांचें एक वेगळें सदर होतें, आणि शब्द शोधण्याच्या साधनास चकविणारे वर्णदोष त्यांत मुद्दाम नमूद केले होते. शब्दाचें एक अक्षर चुकलें म्हणजे शोधणाऱ्यास तें प्रकरणच सांपडत नाहीं; जणूं तें लिहिलेंच गेलें नव्हतें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुरुस्ती करणाराच चुकत असेल तर? १९६५ सालीं डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं अनेक गणकांनीं सामाईक वस्तु आळीपाळीनें कशी वापरावी, म्हणजे आमच्या दृष्टांतांतील दोन कारकुनांनीं एका वेळीं एकानेंच वही कशी उघडावी, याची रीति एका मासिकांत प्रसिद्ध केली. १९६६ च्या जानेवारींत हायमन नांवाच्या लेखकानें त्याच मासिकांत दोन गणकांपुरती एक सुटसुटीत रीति सुचविली. ती दिसावयास सोपी होती, आणि चुकीची होती. त्याच वर्षीं मे महिन्यांत डोनाल्ड कनूथ यांनीं दाखवून दिलें कीं तींत दोघेहि एकदम आंत शिरूं शकतात. शिवाय मूळ रीतींतहि एकाद्या गणकाची पाळी कधींच न येण्याचा संभव आहे, असें सांगून कनूथांनीं स्वतःची नवी रीति दिली. आणि पुढल्याच वर्षीं डी ब्रुइन यांनीं कनूथांच्या रीतींतहि सुधारणा केली. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, सुधारणेच्या भरीस पडूंच नये. आम्ही उलट निष्कर्ष काढतों. हायमन यांची सूचना चुकली, पण ती उघड्यावर होती म्हणून चार महिन्यांत पकडली गेली. दुरुस्तीस भिण्याचें कारण नाहीं. न तपासलेल्या दुरुस्तीस मात्र भ्यावें. शास्त्रांतील अपरिचित संज्ञा अशुद्ध समजून ‘शुद्ध’ करणारा उत्साही माणूस मूळ चुकीहून अधिक नुकसान करतो. ज्याला आपण सुधारीत आहों तें वाक्य काय म्हणूं पाहतें हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्यानें शंका विचारावी. शब्द बदलूं नये.

आमच्या परंपरेंत या दोन वृत्तींचा झगडा जुना आहे. हस्तलिखितें उतरून काढणारे लहिये ग्रंथाच्या शेवटीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्धाशुद्धाचा दोष आम्हांकडे नाहीं, अशा अर्थाचें निवेदन करीत. यांत आळस नव्हता, निष्ठा होती. न समजतां सुधारण्यापेक्षां समजल्यावांचून न बदलणें बरें, ही त्यांची भूमिका होती. समर्थांनीं दासबोधांत लेखनक्रियेवर एक सबंध समास खर्चिला, तो अक्षराच्या या निष्ठेपायींच. परंतु केवळ निष्ठेनें दोष पिढ्यानुपिढ्या उतरत जातात. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यावर सुमारें तीनशें वर्षांनीं, शके १५०६ मध्यें, एकनाथांनीं तिची प्रत शुद्ध केली. आणि शुद्ध करतांनाच पुढील लोकांस बजावून ठेविलें कीं, कोणीं तींत आपली ओंवी मिसळूं नये. एकनाथ स्वतः थोर कवि होते. त्यांस ओंवी रचतां येत नव्हती असें नाहीं. पण शोधन करणें निराळें आणि भर घालणें निराळें, हा विवेक त्यांनीं संभाळला. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेतलेली आणि १९६६ सालीं पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति याच विवेकावर उभी आहे. डॉ. सुखटणकर आणि त्यांचे सहकारी यांनीं एक पाठ स्वीकारला, पण सोडलेले पाठ फेकून दिले नाहींत; ते तळटीपांत जपून ठेविले, म्हणजे उद्यां कोणास संपादकाचा निर्णय चुकीचा वाटला तर त्यास परत फिरण्याची वाट असावी.

आजच्या सामाईक लिखाणानें हीच सोय सर्वांस उपलब्ध करून दिली आहे. २००५ सालीं लिनस टॉरवाल्ड्झ यांनीं ‘गिट’ नांवाची जी नोंदपद्धति निर्माण केली, तींत कोणतें अक्षर कोणीं, कोणत्या दिवशीं, काय कारण देऊन बदललें हें सर्व टिकून राहतें. दोघांनीं एकाच वेळीं एकच ओळ निरनिराळ्या रीतीनें सुधारली, तर ती मुकाट्यानें एकाचें लिहिणें पुसून दुसऱ्याचें ठेवीत नाहीं. दोन्ही समोर मांडते आणि माणसास निर्णय करावयास लावते. आमच्या पेढींतील कारकुनांस जी शिस्त हवी होती तीच ही. समांतर कामाचे नियम सांगणारा ग्रंथ स्वतःच समांतर कामानें लिहिला जातो, आणि जे नियम तो शिकवितो ते त्याच्या लेखकांनाहि पाळावे लागतात, यांत आम्हांस एक प्रकारचा न्याय दिसतो. शनिवारवाड्यांत ‘ध’चा ‘मा’ कोणीं केला यावर आजहि वाद चालतो. या पद्धतींत तो वाद उत्पन्नच होत नाहीं. बदलण्याचें स्वातंत्र्य सर्वांस, आणि बदलाचें उत्तरदायित्व प्रत्येकास, अशी सांगड घातली म्हणजे दुसऱ्या आक्षेपाची धार बरीचशी बोथट होते.

दुरुस्तीस वेळहि असते. संगणकांच्या परस्पर संदेशवहनाचे जे नियम १९९६ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत ‘वाचक कोणत्या पानावरून आला’ हें दर्शविणाऱ्या इंग्रजी शब्दांतील एक ‘आर’ गळालेला आहे. चूक कळली, पण तोंवर तिच्या आधारानें इतक्या आज्ञावली उभ्या राहिल्या होत्या कीं ती सुधारली असती तर त्या सर्व कोसळल्या असत्या. म्हणून आजतागायत सारें जग तो शब्द अशुद्धच लिहितें. पहिल्या दिवशीं जें एका अक्षराचें काम होतें तें पुढें कोणाच्याच आवांक्यांतलें राहिलें नाहीं. चूक लहान असते ती कांहीं काळच लहान असते.

चूक दाखविणाऱ्याचें कर्तव्य सांगितलें. स्वीकारणाऱ्याचेंहि एक कर्तव्य आहे. वर उल्लेखिलेले कनूथ आपल्या ग्रंथांतील प्रत्येक चूक प्रथम दाखविणाऱ्यास दोन डॉलर छप्पन्न सेंटांचा धनादेश पाठवीत. २००८ पासून, बँकांतील लबाड्यांमुळें, ते खऱ्या धनादेशाऐवजीं एका काल्पनिक बँकेचें प्रमाणपत्र पाठवूं लागले; पण प्राप्तकर्त्यांस त्यानें फरक पडला नाहीं, कारण पुष्कळांनीं खरे धनादेशहि न वटवितां चौकटींत लावून ठेविले होते. रक्कम क्षुल्लक, पण एवढा मोठा पंडित आपली चूक दाखविणाऱ्याचा ऋणी होतो, ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. आमच्याकडील पुस्तकांच्या अखेरीस जें शुद्धिपत्र जोडीत, तें बहुधा लेखकानें नाइलाजानें दिलेली कबुली असे. शुद्धिपत्र हें ग्रंथाचें वैगुण्य नसून त्याच्या प्रामाणिकपणाचें प्रमाण आहे, असें मानणारा लेखक विरळा. चूक दाखविणाऱ्याचा जेथें अपमान होतो तेथें दोष नाहींसे होत नाहींत; ते दाखविणारे तेवढे नाहींसे होतात.

शेवटीं एका दुःखद प्रकरणाचा उल्लेख केल्यावांचून आमचें विवेचन पुरें होणार नाहीं. ‘थेरॅक-२५’ नांवाच्या किरणोपचाराच्या यंत्रामुळें १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें सहा रुग्णांस भयंकर अतिरिक्त किरण मिळाल्याची नोंद आहे. १९८६ च्या मार्चमध्यें टेक्सासमधील टायलर येथें यंत्र चालविणाऱ्या बाईंनीं ‘ई’ हें अक्षर द्यावयाचें तेथें चुकून ‘एक्स’ दिलें. चूक लगेच ध्यानांत आली व त्यांनीं ती सुधारली. पडद्यावर ‘ई’ दिसूं लागलें. परंतु यंत्राच्या पोटांत त्याच वेळीं चुंबकांची मांडणी चालली होती. तिला सुमारें आठ सेकंद लागत, आणि त्या अवधींत झालेली दुरुस्ती आंतील दुसऱ्या कार्यापर्यंत पोंचलीच नाहीं. यंत्रानें ‘बिघाड ५४’ असें दाखविलें. त्या आंकड्याचा अर्थ चालकाच्या पुस्तिकेंत दिलेला नव्हता. रुग्णास अंदाजें शंभरपट मात्रा मिळाली आणि पांच महिन्यांनीं तो मरण पावला. येथें चूक एका अक्षराची होती, आणि ती सुधारलीहि होती. पण दुरुस्ती दिसणें आणि दुरुस्ती पोंचणें या दोन गोष्टी एक नव्हत. जाणता वाचक मनांतल्या मनांत जी दुरुस्ती करून घेतो तिची जात हीच आहे. त्याच्या पडद्यावर शब्द शुद्ध होतो. ज्याच्या जिवावर बेतावयाचें त्याच्यापर्यंत तो पोंचत नाहीं.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही असें देतों. सामाईक ग्रंथांतील अल्पदोषाचें परिमार्जन ही हौस नव्हे. आणि परोपकारहि नव्हे, कारण परोपकारांत आपण आपलें कांहीं दुसऱ्यास देतों. ज्या दृष्टीनें चूक आपणांस दिसली ती दृष्टि तरी आपली कोठें आहे? ती अशाच ग्रंथांनीं, अशाच अज्ञात लेखकांनीं व शोधकांनीं आपल्याला दिलेली आहे. आपल्या वाटेंतील कांटे कोणीतरी आधींच वेंचून ठेविले म्हणून आपण येथवर आलों. आमच्या पूर्वजांनीं मनुष्यावर जीं तीन ऋणें सांगितलीं त्यांत ऋषिऋण हें एक आहे, आणि तें अध्ययनानें फिटतें असें म्हटलें आहे. आम्ही त्यास नम्रपणें एवढीच पुस्ती जोडूं इच्छितों कीं, नुसत्या वाचण्यानें तें पुरें फिटत नाहीं. वाचतांना जी कानामात्रा चुकलेली दिसली ती पुढच्यासाठीं सरळ करून ठेवणें हा त्या ऋणाचा हप्ता आहे. हप्ता लहान असतो. पण ऋण फेडण्याची रीत हीच आहे, आणि तो चुकविण्यास हप्ता लहान आहे ही सबब कोणताहि सावकार ऐकत नाहीं.